काचेवरची रेघ

"आत्या, हे काय आहे?" असं माझ्या भाच्याने विचारलं, तेव्हा मी सरळ उत्तर दिलं असतं तर पुढचे तीन दिवस वाचले असते. घरातल्या प्रत्येकाचं हे मला आळीपाळीने ऐकवून झालंय, म्हणून आधी मीच सांगून टाकते.

सोमवारची सकाळ होती. घरामागच्या अंगणात मिस्त्री आणि त्यांचा जोडीदार चर खणत होते. माझा धाकटा भाऊ, म्हणजे या भाच्याचे वडील, जिन्यावरून पडला होता आणि त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. शुक्रवारी त्याला घरी सोडणार होते. आमच्या घरातला एकुलता एक संडास वरच्या मजल्यावर, सतरा पायऱ्या चढून. भावाने हॉस्पिटलच्या खाटेवरून, डॉक्टरांच्या समोर, जाहीर केलं होतं, "भांड्यात मी करणार नाही. आणि मुलाने, सुनेने ते उचलायचं तर मुळीच नाही. खाली संडास झाला तर घरी येतो. नाहीतर गावाबाहेर ते आजाऱ्यांना ठेवून घेणारं घर आहे ना, तिथे माझं नाव घाला."

दुसरा कोणी असं म्हणाला असता तर आम्ही मनावर घेतलं नसतं. पण हा माणूस अकरा वर्षांपूर्वी "तू फार चहा पितोस" असं कोणीतरी म्हटल्यावर कप खाली ठेवून उठला तो आजतागायत चहाला शिवलेला नाही. त्या गावाबाहेरच्या घराचा फॉर्म त्याने नर्सकडून मागवून उशीखाली ठेवलाही होता. गुरुवार संध्याकाळपर्यंत सही करून दिला तर शुक्रवारी तिथली गाडी येणार होती.

म्हणून खालच्या खोलीला लागून जी अडगळीची खोली होती, तिथे संडास बांधायला घेतला. लाद्या बसल्या, कमोड बसला. उरलं होतं फक्त पाइप घालणं. त्या खोलीपासून मागच्या फाटकाजवळच्या चेंबरपर्यंत अठरा फूट लांब आणि तीन फूट खोल चर, की झालं. तोपर्यंत तो कमोड म्हणजे नुसती पांढरी खुर्ची.

बारा फूट खणून झाले आणि खडक लागला. मिस्त्रींची पहार एका काळ्या गोळ्यावर आपटली, गोळा दुभंगला आणि आतून तो लखलखला. बोटाच्या पेराएवढाले टोकदार, दुधी, पारदर्शक खडे आत दाटीवाटीने उभे होते. मागोमाग आणखी चार-पाच गोळे निघाले. तसेच.

भाचा धावत आला. तो मोटारींच्या विम्याच्या ऑफिसात काम करतो आणि वडिलांसाठी त्याने आठवडाभर रजा घेतली होती. त्याने एक अर्धुक उचललं, माझ्यापुढे धरलं आणि तो प्रश्न विचारला.

मी बत्तीस वर्षं पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवलं. हा भाचाही दोन वर्षं माझ्या वर्गात होता. तो दगड काय आहे हे मला बघताक्षणीच कळलं होतं, निदान कळलंय असं वाटलं होतं. पण माझ्या तोंडून सवयीने जे यायचं तेच आलं.

"तुला काय वाटतं?"

नऊ वर्षांच्या मुलाला असं विचारलं की ते मूल पुन्हा एकदा नीट बघतं. बोट लावून बघतं, उन्हात धरून बघतं, आणि मग असं काहीतरी बोलतं की आपणच शहाणे होतो. माझ्या लक्षात यायला हवं होतं की भाचा आता नऊ वर्षांचा नाही, एक्केचाळीस वर्षांचा आहे. मोठा माणूस असं विचारल्यावर बघत बसत नाही. तो ठरवून टाकतो.

"थांबा," तो मिस्त्रींना म्हणाला. "पहार खाली ठेवा. या भागाला कोणी हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. "किती वेळ?"

"शोध लागेपर्यंत."

शोध भाच्याने फोनवर सुरू केला. दगडाचा फोटो काढला की नाव सांगणारं काहीतरी त्यात असतं म्हणे. पहिल्या फोटोला फोनने ॲमेथिस्ट सांगितलं. दुसऱ्याला खडेमीठ. तिसऱ्या फोटोत दगड जरा उलटा होता, तर फोन म्हणाला फ्लॉवर. मग फोटो शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर गेला. तिथून एकाने कळवलं की हिरे आहेत, दुसऱ्याने कळवलं की हात लावू नकोस, किरणोत्सर्ग असतो, आणि तिसऱ्याने गुलाबाच्या चित्रासकट सुप्रभात कळवलं.

दुपार झाली. मिस्त्रींनी डबा खाल्ला, हात धुतले आणि विचारलं, "साहेब, चालू करू का?"

"आज नको. पाइप दुसरीकडून नेता येईल का?"

"येईल की. हवेतून नेऊ."

भाच्याला ते लागलं नाही. तो एक दगड उन्हात फिरवत होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सामान बांधलं. "पलीकडच्या रस्त्याला माझं दुसरं काम आहे. तुमचं ठरलं की फोन करा. मात्र मी तिथे स्लॅबमध्ये अडकलो तर अडकलो."

संध्याकाळी सून, म्हणजे भाच्याची बायको, पोस्टातल्या नोकरीवरून घरी आली, चरात डोकावली, तिथे कोणीच नाही हे पाहून खालच्या खोलीत गेली, आणि तिथून तिचा आवाज आला. मोठा नव्हता. तिचा आवाज मोठा झाला तर घाबरायचं कारण नसतं. बारीक झाला तर असतं.

"हे बाबांच्या पलंगावर काय आहे?"

पलंगावर वर्तमानपत्रं अंथरली होती आणि त्यावर सात दगड ओळीने निजवले होते.

"तिथे ऊन येत नाही," भाचा म्हणाला. "उन्हाने चमक जाते."

"कोट्यवधी वर्षं जमिनीत होते ना ते? मग अंगणात एक रात्र काढली तर काय होईल?"

"पाऊस आला तर?"

"बाबा कुठे झोपणार?"

"बाबा शुक्रवारी यायचेत."

"संडास कधी व्हायचाय?"

यावर भाच्याने एक दगड हलकेच सरळ केला. सून माझ्याकडे वळली. "आत्या, तुम्ही तरी सांगा ना हे काय आहे ते. तुम्हाला माहीत असणार."

तेव्हा मी सांगितलं. दिवसभर उशिरा का होईना, सांगितलं. "कॅल्साइट आहे. चुन्याचाच भाऊबंद. सुंदर दिसतो, पण खूप ठिकाणी सापडतो."

भाच्याने मान वर केली. "मग सकाळी का नाही सांगितलंस?"

"तू स्वतः शोधावंस म्हणून."

"आत्या, सकाळी तुला माहीत नव्हतं. आता चर खणायची घाई झाली, म्हणून तू साधा दगड म्हणतेयस."

मी बत्तीस वर्षांत वर्गात कधी आवाज चढवला नाही. त्या क्षणी मात्र मला पायातली चप्पल हातात घ्यावीशी वाटली.

मंगळवारी नात शाळेतून आली आणि कामाला लागली. ती नऊ वर्षांची आहे. दिवसभर कुठून ना कुठून काहीतरी उचलून आणते आणि कुठेतरी नेऊन ठेवते, म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात. तिला वडिलांनी पलंगावरच्या दगडांना हात लावायची मनाई केली होती. तेव्हा तिने चरात उतरून पडलेले कपचे गोळा केले, त्यांच्यावर पेनाने आकडे घातले आणि वहीत दोन रकाने आखले. एक, काय केलं. दुसरा, काय झालं. हे तिला मी शिकवलंय, आणि ते ती माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळते. त्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या:

दगड १. पाण्यात टाकला. विरघळला नाही. म्हणजे मीठ नाही.

दगड २. चाटला. चव नाही. आई ओरडली.

दगड ३. खिळ्याने ओरखडला. ओरखडा पडला. पुसला तरी गेला नाही.

दगड ४. जॅमच्या बाटलीवर घासला. बाटलीला काही झालं नाही.

"आता काय कळलं?" मी विचारलं.

"की दगड खिळ्यापेक्षा मऊ आहे. आणि बाटलीपेक्षा पण." तिने पेन्सिल चावली. "आत्याआजी, हिरा खिळ्यापेक्षा मऊ असतो का?"

"नाही."

"आणि त्या पांढऱ्या गारगोट्या असतात त्या?"

"त्याही नाही."

ती वही घेऊन वडिलांकडे गेली. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. भाच्याने वही वाचली, अगदी प्रेमाने वाचली, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "छान केलंस. पण हे कपचे आहेत, बेटा. कडेचा कचरा. खरा माल आतला असतो."

"मग आतल्यावर करूया?"

"त्याला ओरखडा पडला तर?"

"पडला तर कळेल ना."

"पडला तर खराब होईल."

मुंगी परत आली आणि तिने वहीत लिहिलं: दगड ५ ते ११. बाबा करू देत नाहीत.

त्याच संध्याकाळी भाच्याने शहरातल्या वस्तुसंग्रहालयाला पत्र पाठवलं, फोटोंसकट. आश्चर्य म्हणजे लगेच उत्तर आलं, की आमचे एक अधिकारी शनिवारी त्या बाजूला येणार आहेत, ते बघून जातील. त्याने ते उत्तर आम्हाला जेवताना दोनदा वाचून दाखवलं.

"शनिवारी," सून म्हणाली.

"हो."

"आणि बाबा शुक्रवारी."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एक दिवस बाबांनी काय करायचं, ते पण लिहून विचार त्या अधिकाऱ्यांना."

बुधवारी सकाळी हॉस्पिटलमधून भावाचा फोन आला. तो हल्ली मुलाला फोन करत नाही, मला करतो.

"ताई, संडास झाला का?"

"होतोय."

"होतोय म्हणजे किती झालाय?"

"कमोड बसलाय."

"पाणी जातं का?"

मी खिडकीतून अर्ध्या चराकडे पाहिलं. त्याला तेवढ्यावरून कळलं. मग म्हणाला, "हे बघ, मला कोणावर राग नाही. त्याच्याने नाही होत तर नाही होत. उद्या संध्याकाळी मी सही करतो. तिथे निदान संडास आहे."

आई-वडिलांच्या मागे मला हा एक भाऊच आहे. मी लग्न केलं नाही, याच घरात राहिले, आणि रोज सकाळी आम्ही दोघं वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन साठ वर्षं भांडत आलोय. मी फोन ठेवला आणि तडक भाच्याकडे गेले. जाताना मनाशी ठरवलं होतं की शांतपणे बोलायचं.

"अरे, हिरा असो की माणिक असो, पाइप त्यातूनच जायचाय," मी म्हणाले. शांतपणे काही जमलं नाही. "उद्या तुझा बाप त्या फॉर्मवर सही करेल. कळतंय का तुला?"

तो पलंगापाशी स्टुलावर बसला होता. हातात भावाचा दाढीचा आरसा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मी लहानपणापासून बाबांकडून तेच ऐकतोय, आत्या. याला ड्रायव्हिंग जमत नाही. याला साधा बल्ब बदलता येत नाही. संडाससुद्धा तो मिस्त्री बांधणार, आणि बाबा आल्यावर म्हणणार, मिस्त्रींनी चांगला बांधला." त्याने नाक ओढलं. "मी काही विकणार नाहीये हे दगड. संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवतात, खाली छोटी पट्टी असते, कोणाला सापडला त्याचं नाव. तेवढं बाबांना दाखवायचं होतं."

 एक्केचाळीस वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर सातवीतला मुलगा दिसायला लागला की शिक्षकाची पंचाईत होते.

"साधा दगड आहे असं सिद्ध कर," तो म्हणाला. "मी स्वतः पहार घेतो. पण तो साधा नाही. हे बघ."

त्याने पलंगावरचा सगळ्यात मोठा दगड उचलला, त्याचं टोक आरशावर टेकवलं आणि दाबून ओढलं. करकर आवाज झाला. काचेवर लांबलचक पांढरी रेघ उमटली.

"काचेवर रेघ पडली. म्हणजे काचेपेक्षा कठीण. हे तूच शिकवलंयस मला. सातवीत."

मी आरसा हातात घेतला. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ होती. स्वच्छ, सरळ, अगदी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत काढतात तशी. मी म्हणत होते तो दगड काचेला ओरखडा पाडूच शकत नाही.

मी बाहेर येऊन मागच्या पायरीवर बसले. खरं सांगते, मला वाटलं मी चुकले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, शाळा सोडून अकरा वर्षं झाली, आणि बघताक्षणी ओळखलं म्हणून मी सोमवारपासून तोऱ्यात फिरत होते. मुलांना मी एवढं सांगायचे की आधी तपासा, मग बोला, आणि मी स्वतः एकदाही त्या दगडाला खिळा लावला नव्हता.

एक वाजता मुंगी शाळेतून आली. दप्तर टाकून थेट खोलीत. तिला वडिलांचा प्रयोग कळला तेव्हा ती जराही हिरमुसली नाही. वही उघडून बसली.

"दगड ५. आरशावर घासला," ती लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली. "रेघ पडली. बाबा, रेघ किती लांबीची?"

"लांबी कशाला हवी?"

"रकान्यात लिहायला."

तिने पट्टी लावली. रेघेच्या टोकाला भुकटी साचली होती, नेमकं कुठे संपते ते दिसेना. म्हणून तिने बोट जिभेला लावलं आणि टोक पुसलं. मग आणखी थोडं पुसलं. मग पट्टी बाजूला ठेवून पूर्ण हात फिरवला.

"बाबा," ती म्हणाली, "रेघ गेली."

"गेली म्हणजे?"

"पुसली गेली. आरशाला काही नाही झालेलं. ही दगडाची पूड होती."

मी दारात होते. माझ्या ओठांवर सगळं उत्तर आलं होतं, बत्तीस वर्षांच्या सगळ्या खडूंसकट. पण या वेळी मी मुद्दाम गप्प बसले. सवयीने नाही.

भाच्याने आरसा ओढून घेतला. पुन्हा दगड घासला, या वेळी दात-ओठ खाऊन. पांढरी रेघ उठली. अंगठ्याने पुसली. गेली. तिसऱ्यांदा घासला. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली आणि आरशात त्याचा चेहरा पहिल्यासारखा स्वच्छ दिसायला लागला. तो चेहरा त्याने काही वेळ पाहिला.

मुंगी पळत जाऊन फाटकाजवळच्या वाटेवरची एक साधी पांढरी गारगोटी घेऊन आली. "याने करून बघू?" आणि परवानगीची वाट न बघता तिने ती आरशाच्या कोपऱ्यात ओढली. ती रेघ पुसली गेली नाही. नखाने खरवडली तरी गेली नाही.

"आजोबांचा आरसा," मी म्हणाले.

"कोपऱ्यातच केली," ती म्हणाली, आणि लिहायला बसली.

भाच्याने त्या रेघेवर अंगठा फिरवून पाहिला. "एकाच प्रयोगावर ठरवायचं नसतं. हेही तूच शिकवलंयस."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "आणखी एक करू. पण त्यात हा दगड पहिल्यासारखा राहणार नाही. ठरव तू."

त्याने ठरवायला संध्याकाळ केली. सून पोस्टातून आली, तिने सगळं ऐकून घेतलं, खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. ती सरळ नव्या संडासात गेली आणि तिथे कोपऱ्यात ठेवलेली हिरवी बाटली घेऊन आली. संडास साफ करायचं औषध, म्हणजे ॲसिडच. वाणसामानाबरोबर आलेली, अजून सील न फोडलेली.

"संडास नाही तर नाही," ती म्हणाली, "त्याचं औषध तरी कामाला येऊ दे."

मी सगळ्यांना अंगणात काढलं. मुंगीला चार पावलं मागे उभं केलं, भाच्याला हातमोजे घालायला लावले, वारा कुठून येतोय ते पाहिलं. सून म्हणाली, "आत्या, घंटा पण वाजवायची का?" पण मी लक्ष दिलं नाही. अशा गोष्टी घाईत करायच्या नसतात.

सगळ्यात मोठा दगड पालथ्या बादलीवर ठेवला. भाच्याने बाटली हातात घेतली.  त्याने झाकण फिरवलं आणि धार सोडली.

दगड फसफसला. सोड्याची बाटली उघडल्यासारखा पांढरा फेस खड्यांच्या फटींतून वर आला आणि कडेवरून ओघळला. मुंगी पुटपुटत लिहीत होती. फेस खाली बसला तेव्हा खड्यांची टोकं बोथट झाली होती, चकाकी जाऊन ती चोखलेल्या खडीसाखरेसारखी दिसत होती.

"चुनखडीच्या जातीचा," भाचा म्हणाला. माझ्याकडे न बघता. "कॅल्साइट."

सुनेने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो क्षणभर तिथेच राहिला, मग ती म्हणाली, "मिस्त्रींना फोन लाव."

मिस्त्रींनी फोन उचलला नाही. रात्री आठ वाजेपर्यंत नाही. गुरुवारी सकाळी सातला मी आणि भाचा पलीकडच्या रस्त्यावर त्या बांधकामावर गेलो. मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी सळ्यांच्या जाळीवर उभे राहून काँक्रीटच्या गाडीला हातवारे करत होते. खाली यायला त्यांनी वीस मिनिटं लावली.

"चालू करायचं?" त्यांनी विचारलं. "शोध लागला?"

"कॅल्साइट आहे," भाचा म्हणाला.

"नाव मला ठाऊक नाही. पण चुन्याचा आहे तो. तीन विहिरींत काढलाय मी. घमेल्यात भरायचा आणि टाकायचा."

भाचा बघतच राहिला. "मग सोमवारी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं?" मिस्त्रींनी माझ्याकडे मान वळवली. "बाई म्हणाल्या, तुला काय वाटतं. ते तुम्हाला म्हणाल्या. मला नाही."

मला त्या सळ्यांच्या ढिगात शिरून बसावंसं वाटलं.

"चारच्या आत मला इथून हलता येत नाही," ते पुढे म्हणाले. "काँक्रीट पडायला लागलं की थांबवता येत नाही, तुमच्या चरासारखं नाही ते. चारला येतो. पण मी आलो की पाइप टाकणार, खणणार नाही. खणायला वेळ उरणार नाही. चर तयार ठेवा. सहा फूट राहिलाय, त्यात चार फूट खडक."

"कोण खणणार?" भाचा म्हणाला.

मिस्त्रींनी भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि त्याच्या हातात दिली. "ही चांगली आहे. परत आणा."

त्या दिवसाचं वर्णन मी फार करणार नाही. भाच्याने आठ वाजता सुरुवात केली. साडेआठला त्याच्या लक्षात आलं की पहार सरळ मारायची नसते, फटीत घालून उचकटायची असते. दहाला पहिला फोड आला. मी घमेली ओढत होते, माझ्या वयाला शोभेल एवढीच. अकराला सून अर्धी रजा टाकून आली आणि फावडं घेतलं. खडकातून आणखी गोळे निघाले, सोमवारच्यापेक्षा मोठे. एक तर कलिंगडाएवढा, आणि तो फुटला तेव्हा ऊन आत शिरून सगळ्या चरात चांदणं पडलं. भाचा क्षणभर थांबला. मग त्याने पहार तिथेच, त्या चांदण्यात घातली, आणि तुकडे घमेल्यात भरून दिले.

तीन वाजता भावाचा फोन वाजला. मी घमेलं खाली ठेवून उचलला.

"ताई, नर्स फॉर्म मागतेय."

"सही करू नकोस."

"पाणी जातं का?"

"सहा वाजता सांगते. नर्सला म्हणावं, पेन सापडत नाही."

"पेन माझ्या खिशाला आहे."

"मग लपव."

मिस्त्री चारला नाही, पावणेपाचला आले. चरात उतरले, पाण्याने अर्धी भरलेली नळी दोन टोकांना धरून पातळी बघितली आणि मान हलवली. "उतार उलटा. चेंबरकडे दोन इंच आणखी खाली घ्या. असा पाइप टाकला तर पाणी परत बाबांकडे जाईल."

भाच्याने पहार उचलली. त्याच्या हाताला आता फडकी गुंडाळलेली होती. तो चरात उतरला आणि दोन इंच आणखी खाली गेला, आणि मिस्त्रींनी पुन्हा नळी धरली आणि "अर्धा इंच" म्हणाले, आणि त्याने अर्धा इंच काढला. मुंगी काठावर पट्टी घेऊन बसली होती आणि दोघांनाही चूक दाखवत होती.

सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही कमोडमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि सगळे फाटकाकडे धावलो. चेंबरमध्ये काही आलं नाही. मग आलं, खळखळून.

मी भावाला फोन केला. "जातं."

"नक्की?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"कुठल्या डोळ्याने?" तो म्हणाला. पण मग नर्सशी बोलताना त्याचा आवाज ऐकू आला, की हे परत घेऊन जा, लागणार नाही.

शुक्रवारी दुपारी दीडला तो आला. गाडीतून उतरताना मुलाने दंड धरला तर झटकला नाही, हेच मला पुष्कळ वाटलं. वॉकर टेकत टेकत तो खोलीपर्यंत आला, पलंगाकडे ढुंकूनही न बघता पुढे गेला, आणि नव्या संडासात शिरला. दार अजून आलं नव्हतं, पडदा लावला होता. तो पडदा त्याने आतून ओढून घेतला.

आम्ही चौघं बाहेर उभे राहिलो.  सून जमिनीकडे बघत होती, भाचा फडकी गुंडाळलेले हात पाठीमागे धरून पडद्याकडे. बराच वेळ गेला. मग पाणी सोडल्याचा आवाज आला, पाइपमधून घरंगळत फाटकाच्या दिशेने लांब लांब गेला आणि थांबला.

"उतार चांगला काढलाय," आतून भाऊ म्हणाला. "मिस्त्री हुशार दिसतोय."

भाच्याने डोळे मिटले. मी तोंड उघडलं, पण मुंगी माझ्या आधी बोलली.

"मिस्त्रीकाकांनी फक्त नळी धरली, आजोबा. उतार बाबांनी काढलाय. सहा फूट, त्यातला चार फूट खडक. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

 वॉकरचे पाय लादीवर सरकल्याचा आवाज.

"तुम्ही सगळे पडद्याबाहेर उभे आहात का?" भाऊ म्हणाला.

सुनेने मुंगीला हाताने मागे ओढलं.

"या घरात माणसाला संडासातसुद्धा एकटं सोडत नाहीत." वॉकर पुन्हा खडखडला. "त्याला म्हणावं, आत ये आणि मला उठव. मला एकट्याने जमत नाहीये."

भाचा पडदा बाजूला करून आत गेला.